सर्वोच्च पद आणि जन्माची अट

चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी २०१८ साली अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली, तेव्हा मराठी वाचकांपैकी पुष्कळांना त्याचे कौतुक वाटले. पक्षांतर्गत निवडणुकीत ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. पुढे २०२२ साली त्याच राज्यातून ते अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. या घटनेतील कौतुकाचा भाग सोडला तरी तिच्या पोटात एक घटनात्मक प्रश्न दडलेला आहे. ठाणेदार १९७९ साली शिक्षणासाठी अमेरिकेत गेले आणि १९८८ साली तेथले नागरिक झाले. मिशिगन राज्याची घटना गव्हर्नर होऊ इच्छिणाऱ्याकडे दोनच गोष्टी मागते. त्याचे वय तीस वर्षे असावे आणि निवडणुकीपूर्वी चार वर्षे तो त्या राज्याचा नोंदलेला मतदार असावा. त्याचा जन्म कोठे झाला हे ती विचारत नाही. अमेरिकेतील गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा केंद्राने नेमलेला नसतो. तो लोकांनी थेट निवडलेला, कोट्यवधी डॉलरांचे अंदाजपत्रक चालविणारा राज्याचा खराखुरा कारभारी असतो. सुमारे एक कोटी लोकवस्तीचे राज्य चालविण्यास बेळगावचा मुलगा पात्र ठरू शकतो. परंतु त्याने पुढील पन्नास वर्षे कितीही निष्ठेने सेवा केली तरी तो अमेरिकेचा अध्यक्ष होऊ शकत नाही.

हा केवळ तर्काचा खेळ नव्हे. ऑस्ट्रियात जन्मलेले आणि १९८३ साली अमेरिकी नागरिक झालेले अर्नोल्ड श्वार्झनेगर हे कॅलिफोर्नियासारख्या बलाढ्य राज्याचे २००३ ते २०११ पर्यंत गव्हर्नर होते. जर्मनीत जन्मलेल्या हेन्री किसिंजर यांनी त्या देशाचे परराष्ट्र धोरण चालविले आणि अण्वस्त्रांविषयीच्या अत्यंत नाजूक वाटाघाटी केल्या. अध्यक्षपद अकस्मात रिकामे झाले तर ते कोणाकडे जावे, याच्या कायद्याने ठरविलेल्या क्रमात परराष्ट्रमंत्र्याचे स्थान वरचे असते. किसिंजर यांच्या बाबतीत मात्र त्यांना वगळून पुढे जावे लागले असते. ज्याच्यावर देशाची गुपिते सोपविता येतात त्याच्यावर देशाचे सर्वोच्च पद सोपविता येत नाही, या भेदाला आधार कोणता? आणि असाच भेद आपल्या राज्यघटनेत आणावा, अशी जी मागणी आपल्याकडे एकदा मोठ्या जोराने झाली होती, तिच्यात तथ्य किती? या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्र करणे उचित ठरेल.

अमेरिकन घटनेतील अटीचा जन्म भीतीतून झाला, आणि त्या काळी ती भीती अनाठायी नव्हती. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना तयार होत असताना हे राष्ट्र स्वतंत्र होऊन उणीपुरी अकरा वर्षे झाली होती. युरोपातील एखादा राजपुत्र आणून गादीवर बसविण्याचा घाट घातला जात आहे, अशा अफवा उठत होत्या. पोलंडचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. तेथे राजा निवडला जात असे, आणि त्यामुळे शेजारची साम्राज्ये प्रत्येक निवडणुकीत हात घालीत. रशियाच्या सम्राज्ञीने १७६४ साली आपल्या मर्जीतला राजा निवडून आणला आणि १७७२ साली तीन शेजाऱ्यांनी मिळून त्या देशाचे लचके तोडले. या पार्श्वभूमीवर जॉन जे यांनी २५ जुलै १७८७ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहून सुचविले की, सेनापतिपद जन्मसिद्ध नागरिकाखेरीज कोणाकडे जाऊ नये. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ही अट अध्यक्षपदासाठी मसुद्यात आली आणि फारशी चर्चा न होता संमत झाली. अध्यक्ष हा जन्मसिद्ध नागरिक असावा, पस्तीस वर्षांचा असावा आणि चौदा वर्षे देशात राहिलेला असावा, असे ठरले.

तथापि या इतिहासात दोन गोष्टी अशा आहेत की, ज्यांकडे या अटीचे समर्थक सहसा लक्ष देत नाहीत. रशियाने पोलंडच्या गादीवर बसविलेला स्तानिस्लाव पोनियातोवस्की हा जन्माने पोलिशच होता. त्याला जन्माची अट लावली असती तर तो सहज उत्तीर्ण झाला असता आणि पोलंडचे भवितव्य तसूभरही बदलले नसते. दुसरी गोष्ट अमेरिकेच्या घरातलीच आहे. स्वातंत्र्ययुद्धात वेस्ट पॉइंटचा किल्ला शत्रूच्या हवाली करण्याचा कट १७८० साली करणारा बेनेडिक्ट आर्नोल्ड कनेक्टिकटमध्ये जन्मलेला होता. उलट, ज्याने नव्या राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचा पाया घातला तो अलेक्झांडर हॅमिल्टन कॅरिबियन बेटावर जन्मला होता. घटनेवर सह्या करणाऱ्या एकोणचाळीस जणांपैकी सात जण परदेशी जन्मलेले होते. घटना स्वीकारली गेली त्या वेळी जे नागरिक होते त्यांना जन्माच्या अटीतून सूट देण्यात आली, ती उगाच नव्हे. आपल्याबरोबर लढलेल्या माणसाची निष्ठा त्याच्या जन्मगावावरून मोजता येत नाही, हे घटनाकारांना पुरते ठाऊक होते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही आपल्या पूर्वजांची म्हण त्यांनी ऐकली नव्हती, पण तिचा अनुभव त्यांनी घेतला होता.

आता या अटीने पुढे प्रत्यक्षात काय साधले, ते पाहू. ‘जन्मसिद्ध नागरिक’ म्हणजे कोण, याची व्याख्या घटनेत कोठेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क याच्या खटल्यात तो जन्माने नागरिक असल्याचा निर्णय दिला. परंतु परदेशात अमेरिकी आईबापांच्या पोटी जन्मलेल्यांचे काय, हा प्रश्न अध्यक्षपदाच्या संदर्भात न्यायालयाने निर्णायकपणे सोडविलेला नाही. त्यामुळे १९६४ साली बॅरी गोल्डवॉटर यांच्याविषयी शंका काढण्यात आली, कारण ते जन्मले तेव्हा अॅरिझोना हे राज्य नव्हते, केवळ केंद्रशासित प्रदेश होता. १९६८ साली मेक्सिकोत जन्मलेल्या जॉर्ज रॉम्नी यांच्याविषयी, २००८ साली पनामा कालव्याच्या पट्ट्यात जन्मलेल्या जॉन मॅककेन यांच्याविषयी आणि २०१६ साली कॅनडात जन्मलेल्या टेड क्रूझ यांच्याविषयी हाच वाद झाला. मॅककेन यांच्यासाठी तर सिनेटने ठराव करून त्यांची पात्रता मान्य केली. परंतु खरा डंख बसला तो बराक ओबामा यांना. ते होनोलुलू येथे १९६१ साली जन्मले, याविषयी कोणताही प्रामाणिक संशय नव्हता. तरीसुद्धा त्यांच्या जन्माविषयी वर्षानुवर्षे कुजबूज चालू राहिली आणि अखेर एप्रिल २०११ मध्ये जगातील सर्वात सामर्थ्यवान राष्ट्राच्या विद्यमान अध्यक्षावर आपला जन्मदाखला प्रसिद्ध करण्याची पाळी आली. ज्यांच्याविषयी शंका निघाल्या त्या सर्वांना सारखाच मनस्ताप झाला नाही, हे विसरता कामा नये. ज्याचा वर्ण वेगळा आणि ज्याचे नाव वेगळे, त्याच्या मागे ही शंका अधिक चिवटपणे लागली. परकीय सत्तेच्या कारस्थानाविरुद्ध बांधलेली ही तटबंदी स्वकीयांतील ‘परक्या’ वाटणाऱ्या माणसाला डिवचण्याचे साधन बनली.

ही विसंगती अमेरिकनांच्या लक्षात आली नाही असे नाही. वीस वर्षे नागरिक असलेल्यास अध्यक्षपद खुले करावे, अशी घटनादुरुस्ती सिनेटर ऑरिन हॅच यांनी २००३ साली सुचविली होती. ती पुढे सरकली नाही. अडीचशे वर्षांपूर्वीची भीती घटनेत एकदा कोरली गेली की, भीतीचे कारण नाहीसे झाले तरी ती अक्षरे पुसणे किती दुष्कर असते, याचे हे उदाहरण आहे.

आपल्या घटनाकारांपुढे अमेरिकन घटना होती आणि तिच्यातून त्यांनी पुष्कळ घेतले. ही अट मात्र घेतली नाही. अनुच्छेद ५८ नुसार राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराने भारताचा नागरिक असावे, पस्तीस वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता त्याच्या अंगी असावी. पंतप्रधानासाठी वेगळी अट नाही. तो संसदेच्या कोणत्या तरी सभागृहाचा सदस्य असावा किंवा सहा महिन्यांत व्हावा, एवढेच पुरते. नागरिक जन्माने झालेला आहे की नोंदणीने, हा प्रश्न घटना विचारीत नाही. नागरिकत्वाच्या कलमांनी मसुदा समितीला जितकी डोकेदुखी दिली तितकी, एखादा अपवाद सोडल्यास, दुसऱ्या कोणत्याही कलमाने दिली नसेल, असे डॉ. आंबेडकरांनी ऑगस्ट १९४९ मध्ये घटनासमितीत सांगितले होते. त्याचे कारण उघड आहे. देशाची फाळणी झाली होती. एका रेषेने लक्षावधी लोकांचे जन्मगाव परदेशात नेऊन टाकले होते. जेथे आजोबांनी विहीर खणली ते गाव आता पारपत्राशिवाय पाहता येणार नव्हते. अशा वेळी जन्मभूमी आणि मातृभूमी हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून वापरणे क्रूरपणाचे झाले असते. म्हणून अनुच्छेद ६ मध्ये अविभक्त हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि या देशाकडे वळलेल्या माणसाला सामावून घेण्याची तरतूद करण्यात आली.

तिचे फळ देशाने पाहिले आहे. पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल झेलमचे, पंतप्रधान मनमोहन सिंग गाह या खेड्यातले, उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी कराचीचे. ही तिन्ही गावे आज पाकिस्तानात आहेत. उलट पाकिस्तानचे लष्करशहा झिया-उल-हक जालंदरला आणि परवेझ मुशर्रफ दिल्लीला जन्मलेले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळाचा रकाना असतो, आणि शिक्षकवर्ग तो दरवर्षी शेकडो वेळा भरतो. त्या रकान्यातील अक्षरांवरून निष्ठेचा निर्णय करावयाचा झाला तर वरील नावांबाबत कोणते निष्कर्ष निघतील, याचा वाचकांनीच विचार करावा. अविभक्त हिंदुस्थानातील जन्म ग्राह्य धरावा, असे यावर कोणी म्हणेल. तसे धरणे योग्यच होईल. परंतु अमेरिकेने हॅमिल्टनच्या पिढीसाठी सूट ठेवली आणि आपण फाळणीग्रस्तांच्या पिढीसाठी ठेवणार, याचा अर्थ एवढाच की, जेथे अनुभवाने निष्ठा सिद्ध झालेली असते तेथे जन्माची अट आपण स्वतःहून बाजूला सारतो.

आता १९९९ सालच्या वादाकडे वळू. त्या वर्षीच्या मे महिन्यात शरद पवार, पूर्णो संगमा आणि तारिक अन्वर या काँग्रेसच्या नेत्यांनी राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान ही पदे जन्मसिद्ध भारतीयांसाठीच राखून ठेवणारी घटनादुरुस्ती मागितली. पक्षाने त्यांना काढून टाकले आणि जून महिन्यात राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन झाला. वादाच्या केंद्रस्थानी सोनिया गांधी होत्या. इटलीत जन्मलेल्या, १९६८ साली विवाह करून येथे आलेल्या आणि १९८३ साली भारताच्या नागरिक झालेल्या. ही मागणी केवळ द्वेषातून आली असे म्हणणे न्यायाला धरून होणार नाही. पंतप्रधानाच्या हाती अण्वस्त्रांचा अधिकार असतो. माणसाच्या बालपणीचे संस्कार आणि नातीगोती तो सहज विसरत नाही. नागरिकत्व घेण्यास पंधरा वर्षे का लागली, असा प्रश्न नागरिकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या शंकांना उत्तर दिले पाहिजे, त्यांची टवाळी करून भागणार नाही.

उत्तर राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद १०२ परकीय राष्ट्राचे नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्यालाच नव्हे, तर परकीय राष्ट्राशी निष्ठा किंवा अनुसरण मान्य करणाऱ्यालाही संसदेचे दार बंद करतो. आपण दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंद झालेल्याला येथे मताचाही अधिकार नाही, मग पदाची गोष्ट दूरच. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार नोंदणीने किंवा स्वीकृतीने मिळालेले नागरिकत्व फसवणूक, घटनेशी द्रोह अशा कारणांवरून काढून घेता येते. जन्माने मिळालेल्या नागरिकत्वाला ते कलम लागू होत नाही. म्हणजे जन्माने नागरिक नसलेल्यावर कायद्याची पकड आधीच अधिक घट्ट आहे. आपली घटना निष्ठेची कसोटी लावते आणि अमेरिकन घटना जन्माची. यांतील पहिली कसोटी शहाणपणाची आहे, कारण तिच्यात येथेच जन्मून परक्यांना विकला जाणारा माणूसही सापडतो. दुसरीत तो सुटतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होतो.

आपल्या राष्ट्रीय चळवळीची परंपराही हेच सांगते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग काढली, त्याच वर्षी लंडनमध्ये जन्मलेल्या अॅनी बेझंट यांनीही काढली. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी त्या बसल्या. १९३३ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या नेली सेनगुप्ता काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. परकीय राजवटीशी झुंजत असताना ज्यांना जन्मस्थळाची भीती वाटली नाही, त्यांच्या वारसांना स्वतंत्र देशात ती वाटावी हे विचित्र होय.

१९९९ सालच्या वादाचा शेवटही बोलका आहे. ज्या प्रश्नावर पक्ष फुटला तो काही महिन्यांतच मागे पडला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात दोन्ही काँग्रेस पक्षांनी मिळून विलासराव देशमुख यांचे सरकार स्थापन केले. २००४ साली पंतप्रधानपद हाताशी आले असताना सोनिया गांधींनी ते नाकारले आणि मनमोहन सिंग पंतप्रधान झाले. घटनादुरुस्ती झाली नाही. मतदार, पक्ष आणि स्वतः संबंधित व्यक्ती यांनी मिळून, दोन निवडणुकांच्या अवधीत, प्रश्नाचा निकाल लावला. लोकशाहीत अशा प्रश्नांचा निकाल असाच लागावा.

कारण दुसरा मार्ग कोठे जातो, याचे दाखले जगात आहेत. जन्माची अट क्वचितच जन्मापाशी थांबते, ती पुढे आईबापांपर्यंत पोचते. झांबियाचे संस्थापक अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी सत्तावीस वर्षे देश चालविला. १९९६ साली घटना बदलून अध्यक्षाचे आईबापही झांबियाचेच असावेत, अशी अट घालण्यात आली. कौंडांचे आईबाप मलावीकडचे, म्हणून ते अपात्र ठरले. १९९९ साली तर एका न्यायालयाने त्यांना झांबियाचे नागरिकच मानले नाही. तो निर्णय पुढे टिकला नाही, हे त्या देशाचे सुदैव. आयव्हरी कोस्टमध्ये २००० सालच्या घटनेतील अशाच अटीमुळे अलासान वातारा यांना निवडणूक लढविता आली नाही. ‘खरा देशवासी कोण’ या प्रश्नाने उत्तर आणि दक्षिण भागांत जी फूट पाडली, तिचे पर्यवसान २००२ साली यादवी युद्धात झाले. म्यानमारच्या २००८ सालच्या घटनेने ज्याची मुले परदेशी नागरिक आहेत त्याला अध्यक्षपद नाकारले. आँग सान सू की यांचे मुलगे ब्रिटिश नागरिक होते, हे घटना लिहिणाऱ्या सेनाधिकाऱ्यांना चांगले ठाऊक होते. तिन्ही ठिकाणी अट सर्वांसाठी लिहिली गेली, पण नेम एकाच व्यक्तीवर होता.

येथे मराठी माणसाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मालवणजवळच्या वराड गावच्या वराडकरांचा मुलगा लिओ २०१७ साली आयर्लंडचा पंतप्रधान झाला, तेव्हा कोकणाला आनंद झाला. लिओ वराडकर डब्लिनला जन्मलेले असल्याने जन्माची अट त्यांना आडवी आली नसती. परंतु झांबियासारखी आईबापांची अट तेथे असती, तर त्यांचा मार्ग बंद झाला असता. ठाणेदारांचा वॉशिंग्टनमधील सर्वोच्च पदाचा मार्ग तर आजही बंदच आहे. आपली मुले दुसऱ्यांच्या देशात जाऊन राज्यकर्ती व्हावीत याची हौस बाळगावयाची आणि आपल्या दारी आलेल्याला जन्माचा दाखला विचारावयाचा, हे दोन्ही एकदम शोभणारे नाही.

याचा अर्थ काल नागरिक झालेला माणूस उद्या पंतप्रधान व्हावा, असा नाही. स्वीकृतीने नागरिक होऊ इच्छिणाऱ्यास आपला कायदा सर्वसाधारणपणे बारा वर्षांचे वास्तव्य सांगतो. सर्वोच्च पदांसाठी त्यापुढे आणखी काही वर्षांची नागरिकता आवश्यक करावी, असे कोणी सुचविल्यास तो विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेत प्रतिनिधिगृहासाठी सात आणि सिनेटसाठी नऊ वर्षांची नागरिकता लागतेच. काळाची अट माणूस आपल्या वर्तनाने पूर्ण करू शकतो, जन्माची अट कोणत्याही पुण्याईने पूर्ण करता येत नाही. पहिली त्याला वाट पाहावयास सांगते आणि दुसरी त्याला कायमचा दुय्यम नागरिक ठरविते. मात्र असा नियम करावयाचा तर तो कोणी विशिष्ट उमेदवार दारात उभा नसताना, शांत चित्ताने आणि सर्व पक्षांच्या संमतीने करावा. आज तसा कोणी उमेदवार चर्चेत नाही, तेव्हा विचाराला ही वेळ चांगली आहे. व्यक्तीकडे बोट दाखवून केलेला कायदा ती व्यक्ती गेल्यावरही मागे उरतो आणि मग कोणावर उगारला जाईल याचा नेम नसतो.

घटनाकारांनी नागरिकत्वाचे दोन वर्ग पाडले नाहीत आणि पदाच्या पायरीवर जन्माचा पहारेकरी बसविला नाही. उमेदवार कोणाचा, कोठला, कशासाठी उभा, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार त्यांनी मतदाराला दिला आहे. तो अधिकार मतदाराने डोळसपणे वापरावा. ज्याची निष्ठा संशयास्पद वाटते त्याला मत देऊ नये, मग तो रोममध्ये जन्मलेला असो की रत्नागिरीत. तो निर्णय मतदाराच्या हातून काढून जन्मनोंदीच्या वहीकडे सोपविण्याचे काहीही कारण नाही.